क्रँकबेटसाठी रॉड कशाचा घ्यावा: कार्बन, ग्लास की दोन्ही मिसळलेला?

क्रँकबेट म्हणजे पाण्यातून ओढत आणायचा कडक, माशाच्या आकाराचा लुअर (नकली आमिष), बहुतेकांना पुढे ओठासारखी पट्टी असते. प्रश्न असा आहे: "माझ्याकडे ७ फुटी, मिडियम हेवी (म्हणजे बऱ्यापैकी ताकदीचा), फास्ट अ‍ॅक्शनचा कार्बन रॉड आहे आणि त्यावर ब्रेड (विणलेली) लाईन. जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), रबरी वर्म यांना एकदम मस्त चालतो. पण क्रँकबेट लावला की मासे लागतात आणि अर्ध्या वाटेत सुटतात, जवळपास निम्मे जातात. फायबरग्लासचा रॉड घेऊ का? की कार्बनमध्येच दुसरा बघू?"

आधी एक सांगतो, तुमचा रॉड वाईट नाहीये आणि तुमच्या हातातही काही खोट नाही. जिगसाठी जो रॉड चांगला तोच क्रँकबेटला नडतो, कारण दोन्हीकडे गळ लागण्याची पद्धतच वेगळी आहे. जिगला एकच जाड गळ असतो, तो माशाच्या जबड्यात आरपार घुसवायला जोरात हिसका द्यावा लागतो, म्हणून तिथे ताठ रॉड, न ताणणारी लाईन हे सगळं बरोबर. क्रँकबेटला दोन ट्रेबल असतात, म्हणजे तीन-तीन काट्यांचे गळ, तार बारीक, काटे लहान. मासा लुअरवर झडप घालतो तेव्हा बऱ्याच वेळा त्यातला एखाद-दुसराच काटा ओठाच्या कडेला, नुसत्या कातडीत धरलेला असतो. तिथे तुम्ही जिगसारखा हिसका दिला की ती कातडी फाटते आणि भोक मोठं होतं, मग मासा एकदा मान झटकतो आणि काम संपलं.

दुसरी गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत ती लुअरच्या वजनाची. क्रँकबेट हा जाड, कडक, लांबुडका तुकडा असतो आणि माशाच्या तोंडाबाहेर लोंबत असतो. मासा उडी मारून डोकं हलवतो तेव्हा तो लुअर तरफेसारखा काम करतो, स्वतःच्याच वजनाने काटा उचकटून काढतो. अशा वेळी लाईनला अर्धा सेकंद जरी ढील मिळाली तरी काटा निघतो, आणि उलट लाईन एकदम करकचून ताणली गेली तरी फाटून निघतो. म्हणजे आपल्याला हवाय असा रॉड की जो माशाच्या प्रत्येक हिसक्याला वाकेल आणि हिसका संपला की लगेच ती ढील भरून काढेल, ताण सतत सारखा ठेवेल. सगळा प्रश्न एवढाच आहे, बाकी मटेरियलची चर्चा त्याच्या मागून येते.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की रॉडवर "कार्बन" लिहिलंय की "ग्लास" हे नंतर बघा, आधी तो कुठून वाकतो ते बघा. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याचा भाग वाकतो, खालचा सगळा ताठ राहतो. मॉडरेट म्हणजे साधारण अर्ध्यापर्यंत वाकतो. क्रँकबेटला मॉडरेट पाहिजे, फार तर मॉडरेट फास्ट. आणि हे वाकणं एकट्या मटेरियलवर ठरत नाही. रॉड बनवताना रेझिन भरलेलं कापड ठरावीक आकारात कापून निमुळत्या स्टीलच्या सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी घट्ट आवळतात आणि भट्टीत भाजतात. ती सळई किती निमुळती, कापड कुठे किती थर, यावर रॉड कुठून वाकणार ते ठरतं. त्यामुळे कार्बनचाही मॉडरेट रॉड बनतो आणि ग्लासचाही त्यातल्या त्यात फास्ट बनतो. मग मटेरियलने काय फरक पडतो? पडतो, बराच पडतो, तेच आता बघू.

आकडे थोडे सांगतो म्हणजे बाजारातली भाषा समजेल. साध्या ई-ग्लासच्या धाग्याचा ताठपणा, ज्याला मॉड्युलस म्हणतात, साधारण ७२ गिगापास्कल. एस-ग्लास, म्हणजे जास्त मजबूत ग्लास, त्याच्यापेक्षा थोडा वर, ८५ च्या पुढे. साधा कार्बन २३० च्या आसपास, म्हणजे ई-ग्लासच्या तिप्पट. वजन बघा, एक घन सेंटीमीटर ग्लास साधारण अडीच ग्रॅम भरतो, कार्बन १.८ ग्रॅम. म्हणजे तेवढाच ताठपणा हवा असेल तर कार्बन कितीतरी कमी लागतो आणि तोही हलका, म्हणून कार्बनचा रॉड हातात पिसासारखा वाटतो. पण आता दुसरी बाजू, ग्लासचा धागा तुटायच्या आधी साधारण साडेचार-पाच टक्के लांबतो, कार्बन दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. ग्लासचा कमी ताठपणा आणि हे लांबणं क्रँकबेटवाल्यांसाठी सोन्यासारखं आहे: तो खोल वाकतो, सावकाश वाकतो आणि सावकाशच सरळ होतो.

इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लासच्या रॉडने बांबूच्या रॉडची जागा घेतली, मग १९७३ मध्ये फेनविक या रॉड कंपनीने ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनचाच, रॉड आणला आणि हळूहळू जवळपास सगळं मासेमारीचं जग कार्बनकडे गेलं. जिगवाले गेले, वर्मवाले गेले, पण क्रँकबेट टाकणाऱ्यांतले बरेच जण ग्लासला चिकटून राहिले, आणि ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही, त्यांचे मासे कमी सुटत होते म्हणून.

आता ग्लासचा खरा फायदा कुठे होतो ते नीट समजून घ्या. मासा क्रँकबेट घेतो तेव्हा बऱ्याचदा मागून येऊन तोंडात ओढून घेतो आणि वळतो. कार्बनच्या ताठ रॉडवर हा ठोका विजेसारखा हातात येतो, आणि आपला हात आपल्याला न विचारताच वर जातो. मासा अजून वळलेलाही नसतो आणि आपण लुअर त्याच्या तोंडातून हिसकावून घेतो. ग्लासवर तोच ठोका थोडा उशिरा आणि बोथट होऊन येतो, रॉड आधी वाकतो, तेवढ्यात मासा वळतो आणि काटा तोंडाच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तुम्हाला जाणवतं तेव्हा मासा आधीच लागलेला असतो. म्हणजे इथे रॉडचा "कमी संवेदनशील" हा दोष कामाला येतो.

मी हे स्वतः फार उशिरा शिकलो. कितीतरी वर्षं एकाच फास्ट कार्बन रॉडवर सगळं करायचो. एका सकाळी एका ओळखीच्या माणसाबरोबर होडीत होतो, त्याच्याकडे ग्लास होता, माझ्याकडे कार्बन, लुअर दोघांचे एकाच मापाचे, चौकोनी ओठाचे, बुडालेल्या झाडांच्या खोडांवर आपटत आणत होतो. ठोके दोघांना सारखेच येत होते. माझे मासे होडीपाशी येऊन डोकं हलवायचे आणि सुटायचे, त्याचे जाळ्यात यायचे. मग त्याने काही न बोलता रॉड बदलून दिला. पहिला मासा लागला तेव्हा मला वाटलं लुअर चिखलात रुतलाय, नुसतं जड झालं. मी फिरवत राहिलो आणि ते जड हलायला लागलं. मासा वर आल्यावर बघितलं तर मागचा ट्रेबल, दोन काटे, जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट. माझ्या रॉडवर आधी आलेल्या माशांत एकच काटा असायचा, पुढे ओठाच्या टोकाला, आणि भोवती कातडी फाटून लांबट झालेली. ते लांबट भोक दिसलं की समजायचं की रॉड किंवा लाईन फार ताठ आहे. पुढच्या वेळी मासा सोडवताना ते भोक नक्की बघा, त्यातून बरंच कळतं.

आता ग्लासचे तोटेही तेवढेच खरे आहेत, ते लपवून काही उपयोग नाही. ग्लासचा रॉड जड असतो आणि मुख्य म्हणजे शेंड्याकडे जड असतो, दिवसभर फेकून फेकून मनगट आणि कोपर भरून येतं. ७ फुटापर्यंत ठीक, पण खोल जाणाऱ्या लुअरसाठी पावणेआठ-आठ फुटी पूर्ण ग्लासचा रॉड म्हणजे दुपारपर्यंत हात लाकूड होतो. दुसरं म्हणजे कास्ट, लुअरची फेक. लुअर सुटल्यावर ग्लासचा शेंडा लगेच थांबत नाही, वर-खाली हलत राहतो, त्याने लाईन गाईडच्या कड्यांवर आपटत जाते आणि अंतर व नेम दोन्ही थोडे जातात. कार्बन झटकन सरळ होऊन थांबतो. ज्यांना कार्बनची सवय आहे ते ग्लास हातात घेतला की पहिला तासभर लुअर भलतीकडेच टाकतात, आणि मग म्हणतात रॉड बेकार आहे. रॉड बेकार नसतो, हात घाई करत असतो. ग्लासला मागे नेऊन वाकू द्यायचं, लुअरचं वजन शेंड्यावर जाणवलं की मग सावकाश, एका ओघात पुढे आणायचं. हिसडा मारायचा नाही. असं केलं की लुअर हवेत गिरक्या खात नाही आणि ट्रेबल लाईनमध्ये अडकत नाही. बाल्सा लाकडाचे हलके, रुंद अंगाचे क्रँकबेट तर अशा मऊ फेकीनेच नीट जातात.

लुअरची थरथर जाणवते का, हा प्रश्न ग्लासबद्दल नेहमी येतो. जाणवते. क्रँकबेट ओढताना लाईन सतत ताणलेली असते, म्हणून त्याची टुकटुक ग्लासवरही येते, जिगसारखं ढिल्या लाईनवर हलकीशी टिचकी ओळखायची नसते. ओठाला पान अडकलं की टुकटुक मंद होते किंवा थांबते, खडकाला लागलं की टक्क, चिखलात गेलं की दबल्यासारखं होतं. बारीक फरक मात्र, म्हणजे वाळू कुठे संपली आणि बारीक खडी कुठे सुरू झाली असलं काही, ते कार्बनवर जास्त स्पष्ट कळतं, हे मान्य करावंच लागेल.

मग मधला रस्ता म्हणजे कंपोझिट, ग्लास आणि कार्बन दोन्ही मिसळून बनवलेला. काहींमध्ये सगळ्या लांबीत दोन्हीचे थर असतात, काहींमध्ये बुडाकडे कार्बन जास्त आणि शेंड्याकडे ग्लास. चांगला कंपोझिट ग्लाससारखाच खोल वाकतो पण वजनाला बराच हलका आणि कास्टनंतर लवकर थांबतो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: तुम्हाला क्रँकबेटसाठी एकच रॉड घ्यायचाय, तर ७ फूट ते सव्वासात फुटी, मिडियम पॉवर, मॉडरेट अ‍ॅक्शनचा कंपोझिट घ्या, साधारण ७ ते २१ ग्रॅम लुअरचा. त्यावर चौकोनी ओठाचेही चालतात, आठ-दहा फूट खोल जाणारेही चालतात. पूर्ण ग्लासवर एकदम उडी मारू नका, आधी मऊ रॉडची सवय होऊ द्या.

पण तुम्ही बहुतेक एकाच प्रकारचे क्रँकबेट टाकत असाल तर थोडं वेगळं सांगेन. उथळ पाण्यात चौकोनी ओठाचे लुअर, खोडं-दगडांवर आपटत आणायचे, कास्ट लहान, तिथे साडेसहा-सात फुटी पूर्ण ग्लास मला आजही सगळ्यात आवडतो. लुअर खोडाला आपटून बाजूला उसळतो आणि त्याच क्षणी मासा घेतो, तेव्हा माणूस दचकून हिसका देतोच देतो आणि ग्लास तो हिसका पोटात घेतो. खोल, पंधरा-वीस फूट जाणारे मोठ्या ओठाचे लुअर असतील तर गोष्ट बदलते. ते पाण्यात प्रचंड ओढतात, कास्ट जितका लांब तितका लुअर जास्त वेळ खोलीवर राहतो, म्हणून लांब रॉड लागतो, आणि लांब रॉड ग्लासचा असला तर वजनाने माणूस दमतो. तिथे साडेसात ते आठ फुटी कंपोझिट, मिडियम हेवी, किंवा खास क्रँकबेटसाठी बनवलेला मॉडरेट कार्बन. एवढ्या लांब कास्टच्या टोकाला मासा लागला तर लाईनच इतकी ताणली जाते की रॉडला थोडी ताकद लागतेच.

ओठ नसलेले, थरथरणारे चपटे क्रँकबेट हा अपवाद धरा. ते पाणवनस्पतीच्या वरून ओढतात, गवतात अडकले की झटका देऊन सोडवायचे आणि सुटता क्षणी मासा घेतो. पूर्ण ग्लासने झटका दिला तर रॉडच वाकतो आणि लुअर गवतातच राहतो, झटका तिथपर्यंत पोचतच नाही. तिथे मॉडरेट फास्ट कार्बन किंवा जरा ताठ कंपोझिट बरा. मात्र हे लुअर वजनाने जड असतात, मासा मान झटकतो तेव्हा हेच सगळ्यात जास्त उचकटतात, त्यामुळे इथेही फार ताठ रॉड नकोच.

कार्बनच घ्यायचा असेल तर एका गोष्टीला भुलू नका, ती म्हणजे मोठे आकडे. रॉडवर २४ टन, ३० टन, ४० टन असं लिहितात, तो मॉड्युलसच आहे, २४ टन म्हणजे साधा कार्बन. आयएम ६, आयएम ७, आयएम ८ हे तर एका धागा बनवणाऱ्या कंपनीच्या कार्बनचे प्रकार आहेत, सगळ्या रॉड कंपन्यांची दर्जा मोजायची ती पट्टी नव्हे. आकडा मोठा म्हणजे धागा जास्त ताठ, म्हणून कमी लागतो, म्हणून रॉडची भिंत पातळ आणि रॉड हलका. जिगला छान. क्रँकबेटला मात्र २४ टनचा मॉडरेट रॉड ४० टनच्या महागड्या रॉडपेक्षा चांगला, हे मी अगदी ठामपणे सांगतो. पातळ भिंतीचा कार्बन मार सहन करत नाही. जड लुअर किंवा शिसं रॉडवर आपटलं की बारीक चरा पडतो, तो दिसतही नाही, आणि महिन्याभराने चांगला मासा लागलेला असताना नेमका तिथेच रॉड फुटतो. दिवसभर ट्रेबलवाले लुअर होडीत इकडेतिकडे लोंबत असतात, त्यामुळे हे होतंच. ग्लास या बाबतीत फार सोशिक आहे. आणि हो, कार्बन विजेचा वाहक आहे, वर विजेच्या तारा असतील तिथे किंवा आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून काठ गाठायचा, मग मासे किती का लागत असेनात.

दुकानात रॉड बघताना हातात घेऊन नुसता हवेत हलवून काही कळत नाही, तरी सगळे तेच करतात. शक्य असेल तर आपलं रील घेऊन जा, गाईडमधून लाईन ओवा आणि कोणाला तरी लाईनचं टोक खाली धरायला सांगा. मग रॉड साधारण पंचेचाळीस अंशात धरून हळूहळू ताण वाढवत जा आणि वाक बघा. सुरुवातीला शेंडा वाकेल, ताण वाढला की वाक हळूहळू खाली, मधल्या भागात उतरला पाहिजे, कुठेही कोपरा पडल्यासारखा नको. मग समोरच्याला दोरी झटकन हलवायला सांगा, जसा मासा डोकं हलवतो तशी. तुमच्या मुठीत धक्के येतात का? लाईन मध्येच सैल पडते का? येत असतील आणि पडत असेल तर तो रॉड क्रँकबेटचा नाही, त्यावर काहीही छापलेलं असो. एक सांभाळा, रॉड उभा करून शेंडा आपल्याकडे खेचू नका, कार्बन तिथेच तुटतो. शेवटी रील लावूनच तोल बघा, बोटावर धरल्यावर शेंडा फार खाली जात असेल तर दुपारी हात दुखणार.

आता लाईन, कारण तुमचा अर्धा घोटाळा मला तिथेच वाटतोय. ब्रेड जवळजवळ ताणली जातच नाही, म्हणजे ताठ रॉडला आणखी ताठ लाईन. क्रँकबेटला फ्लुरोकार्बन वापरा, १० ते १२ पाउंडाची, खोडं-दगडं जास्त असतील तर १५. ती पाण्यात बुडते आणि लुअरला खोल जाऊ देते. जाड लाईनवर तोच लुअर वर राहतो, हे लक्षात ठेवा. उथळ पाण्यासाठी साधी नायलॉनही चालते, ती चांगली ताणली जाते आणि चुका झाकते. फक्त एक, पूर्ण ग्लासचा रॉड आणि नायलॉन लाईन आणि लांब कास्ट हे तिन्ही एकत्र आले तर फारच रबरासारखं होतं, काटा बसतच नाही. कुठेतरी एक गोष्ट ताठ हवी, म्हणजे ग्लासबरोबर फ्लुरोकार्बन, ताठसर कार्बनबरोबर नायलॉन असं.

नवीन रॉड यायला वेळ असेल तर तोपर्यंत आहे त्याच रॉडवर हे करून बघा: ब्रेड काढून नायलॉन भरा, ड्रॅग (रीलचा लाईन सोडणारा ब्रेक) आत्तापेक्षा ढिला करा इतका की माशाने जोर केल्यावर लाईन कुरकुर न करता सुटली पाहिजे, आणि ठोका आला की रॉड वर उचलू नका. फिरवत राहा, जड वाटेपर्यंत फिरवत राहा आणि मग रॉड आडवा, कमरेच्या उंचीवर, बाजूला ओढा, झाडू मारतो तसा. रीलचा गिअर जलद असेल तर तो जाणूनबुजून हळू फिरवा. खोल लुअरला ५ च्या आसपासचा गिअर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे पाच फेरे) असलेलं रील सगळ्यात बरं, ओढायला जोर लागत नाही आणि माणूस आपोआप हळू राहतो. ट्रेबलची टोकं नखावर घासून बघा, घसरली तर बदला. बोथट काटा आणि मऊ रॉड ही जोडी कधीच जमत नाही, मऊ रॉडवर काटा अक्षरशः स्वतःच घुसावा इतका धारदार पाहिजे.

एवढं केल्यावर तुमच्या निम्म्या सुटणाऱ्या माशांतले बरेचसे जाळ्यात यायला लागतील असं मला वाटतं, आणि मग कंपोझिट हातात आला की फरक अजून स्पष्ट दिसेल. तेव्हा माशाच्या तोंडातलं ते भोक बघून कळवा, गोल आहे की लांबट, त्यावरून पुढे पॉवर कमी करायची की जास्त ते सांगता येईल.